अब्बाजी आणि वेळासची कासवं

यंदा ईदनंतरच्या शनिवार-रविवारी कुठे जायचं, यावर आमच्या घरात तीन मतं होती. धाकट्याला पाण्याच्या घसरगुंड्या हव्या होत्या. त्याच्या अब्बूंना फक्त झोप हवी होती. आणि अकरावी सायन्सला असलेल्या थोरलीला कासवं बघायची होती. "वेळासला जाऊ या अम्मी, आत्ता पिल्लं बाहेर येताहेत. मे महिना लागला की संपलं."

अब्बाजी, म्हणजे माझे सासरे, अशा वादात कधी पडत नाहीत. त्यांचं वय शहात्तर. गुडघे दुखतात, त्यामुळे प्रवास नको म्हणतात. त्या दिवशी मात्र खिडकीजवळच्या खुर्चीतून त्यांनी मान वर केली. "वेळास? ते तर आमच्या गावच्या टेकडीपलीकडे. तिथे काय बघायचं? वाळू आहे नुसती." एवढं बोलून पुन्हा तसबीह ओढायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "जाणार असाल तर मीही येतो."

आम्ही सगळे बघतच राहिलो. ठरलं मग वेळास.

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, मंडणगड तालुक्यात, हे छोटंसं गाव आहे. इतिहासाच्या पुस्तकात नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून त्याचं नाव येतं. आता लोक तिथे जातात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात, आणि साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत पिल्लं बाहेर पडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन २००२ मध्ये इथे अंड्यांची राखण सुरू केली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि बाहेरची माणसं यायला लागली. गावात हॉटेलं नाहीत. लोक आपल्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात.

खोली ठरवायला फोन मी केला. आता खरं सांगते, पूर्ण नाव सांगायच्या आधी मी एक श्वास घेतला. मुंबईत भाड्याने घर शोधताना नाव ऐकून "अहो, खोली कालच गेली" असं ऐकलेल्या माझ्यासारख्या बायकांना हा श्वास समजावून सांगायला नको. पलीकडच्या काकूंनी नाव ऐकलं आणि विचारलं, "किती जणं? कोणी वयस्कर आहे का? मग खालची खोली देते, जिना नको. आणि आमच्याकडे जेवण फक्त शाकाहारी असतं हं, चालेल ना?" मला हसूच आलं. खाण्याचं काय करायचं, ही माझी दुसरी काळजी त्यांनी स्वतःच मिटवली होती.

शनिवारी फजरची नमाज पढून मुंब्र्याहून गाडी काढली. पनवेल, माणगाव, म्हसळा असं करत बागमांडल्याच्या जेटीवर आलो. इथून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला जाणारी फेरीबोट आहे, तिच्यात माणसांबरोबर गाड्याही चढतात. रस्त्याने वळसा घालण्याचा वेळ वाचतो आणि मुलांना बोटीची मजा मिळते. बोट सुटली तसे अब्बाजी गाडीतून उतरले, कठड्याला धरून उभे राहिले. समोर बाणकोटची टेकडी, तिच्यावर किल्ला. सतराव्या वर्षी ते याच खाडीतून मुंबईला गेले होते, आणि पुढे सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. कोलंबो, सिंगापूर, जेद्दा, सगळं बघून झालं. पण त्या दिवशी त्या दहा-पंधरा मिनिटांत ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, गावची आठवण येत असेल.

दुपारी काकूंकडे तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, वालाचं बिरडं आणि सोलकढी. ईदच्या नानखटाईचा डबा मी सोबत नेला होता, तो त्यांच्या हातात दिला. काकूंनी लगेच एक खाऊन बघितली आणि किती तूप घातलं ते विचारलं. धाकट्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी याच मुलाला एक पोळी संपवायला अर्धा तास लागतो.

संध्याकाळी साडेपाचला गाव सुटून किनाऱ्याकडे निघालं. सुरूच्या बनातून वाट जाते. अब्बाजींसाठी आम्ही घडीचं स्टूल घेतलं होतं, ते दोनदा उघडावं लागलं. किनाऱ्यावर वरच्या बाजूला, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी, जाळीचं कुंपण घातलेलं आहे. आत वाळूत ओळीने खुणेच्या पाट्या रोवलेल्या. एकेक पाटी म्हणजे एकेक घरटं. घरटं कधी सापडलं, अंडी किती, सगळं पाटीवर लिहिलेलं.

कुंपणाशी एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. कासवांची राखण करणाऱ्या गावकऱ्यांना इथे कासवमित्र म्हणतात, त्यांच्यापैकी ते एक. सगळी माणसं जमल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली. माइक नाही, पाठ केलेलं भाषण नाही.

मादी रात्री पाण्यातून सरपटत वर येते. मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी दीड-एक फूट खोल, मडक्याच्या आकाराचा खड्डा करते. त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळूने बुजवते, वरून अंगाने थापटते आणि परत जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे बघायला येत नाही. पहाटे कासवमित्र किनारा चालून काढतात. वाळूवर तिच्या सरपटण्याचा माग दिसतो, त्यावरून घरटं शोधतात. कोल्हे, कुत्री आणि माणसं यांच्यापासून वाचवण्यासाठी अंडी अलगद काढून या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वाळू उकरत वर येतात. उबवणारं कोणी नाही, वाळूची ऊबच सगळं करते. त्या उबेवरच पिल्लू नर होणार की मादी हेही ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, जरा गार राहिली तर नर जास्त.

"म्हणजे उन्हाळे असेच वाढत गेले तर नरच उरणार नाहीत?" थोरलीने विचारलं.

"ती भीती आहेच," ते म्हणाले. "म्हणून काही ठिकाणी घरट्यांवर सावली करतात."

ज्या घरट्यांचे दिवस भरत आले आहेत त्यांच्यावर टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या. पिल्लं वर आली तर ती टोपलीखाली थांबतात, कावळ्यांच्या तावडीत सापडत नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलून बघतात. आम्ही सगळे दोरीच्या मागे उभे राहिलो. पहिली टोपली उचलली. नुसती वाळू. दुसरी, तिसरी, चौथी. नुसती वाळू.

"आज काही नाही," कासवमित्र शांतपणे म्हणाले. "उद्या सकाळी बघू."

गर्दीतून निराशेचा आवाज आला. मुंबई-पुण्याहून आलेल्या एकाने तर विचारलं, "एखादं उकरून दाखवता येणार नाही का?" कासवमित्रांनी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. धाकट्याचा चेहरा पडला होता. पण प्रश्न विचारायची त्याची सवय काही सुटत नाही. त्याने हात वर केला. "काका, तुम्ही म्हणालात माणसांपासून वाचवतो. अंडी कोण चोरायचं?"

"आमच्याच गावातली माणसं, बाळा. आजूबाजूच्या गावांतली. खायला, विकायला."

"मीसुद्धा," आवाज आला.

मी वळून बघितलं. अब्बाजी स्टुलावरून उठून उभे राहिले होते, एका हाताने थोरलीच्या खांद्याला धरून. "मी या बाजूला असलेल्या गावचा आहे. दहा-बारा वर्षांचा होतो. आम्ही पोरं पहाटे यायचो. माग धरून वाळूत काठी खुपसत जायचो. जिथे काठी सरळ आत गेली आणि टोक ओलं निघालं, तिथे घरटं. चार घरटी मी माझ्या हाताने काढली आहेत. डझनावारी विकली."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. पन्नास-साठ माणसांत आमचं एकच मुस्लिम कुटुंब. अब्बाजींची पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायला मला संकोच वाटतो, पण लिहिते. मला अब्बाजींचा राग आला. हे आत्ता, इथे, सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? आता ही माणसं काय म्हणतील? घरी जाऊन काय सांगतील? आपली माणसं चारचौघांत चुकू नयेत, चुकली तर कोणाला कळू नये, या ओझ्याखाली आपण इतकं जगतो, की एक म्हातारा माणूस खरं बोलतो आहे हे मला त्या क्षणी दिसलंच नाही.

कासवमित्र दोरी ओलांडून आमच्याकडे आले. "चाचा," ते म्हणाले, "माझे वडीलही काढायचे. अशीच काठी घेऊन. संस्थेची माणसं आली तेव्हा सुरुवातीला त्यांना सगळ्यात जास्त उपयोग कोणाचा झाला सांगू? अंडी काढणाऱ्यांचाच. घरटं कुठे असणार हे दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं?" मग त्यांनी खिशातून वही काढली. "तुमच्या वेळी त्या टेकडीच्या पायथ्याच्या वाळूत यायची का कासवं? आता तिथे क्वचित येतात."

अब्बाजी त्यांच्याबरोबर पुढे गेले. मावळतीच्या उजेडात दोघे वाळूत काठीने काहीतरी रेघा ओढत उभे होते. कुठे ओढा मिळायचा, कुठे केवड्याचं बन होतं, कुठल्या महिन्यात जास्त माग दिसायचे. बाकीची माणसं पांगली. आम्हाला काही म्हणायला कोणीच आलं नाही. एक आजी तेवढ्या माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "आमच्या यांनी असं काही कधी कबूल केलं असतं तर!" आणि हसत पुढे गेल्या.

मगरिबची नमाज काकूंच्या अंगणात झाली. अब्बाजींनी खुर्चीवर बसून पढली. जेवणानंतर ओटीवर बसलो होतो. वीज गेली होती, कंदिलाचा उजेड होता. थोरली हिशेब मांडून बसली होती. आजोबांना धीर द्यायचा होता तिला.

"दादाअब्बा, हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं म्हणतात. खेकडे, घारी, समुद्रातले मोठे मासे, सगळे टपलेले असतात. तुम्ही चार घरटी काढलीत, म्हणजे चारशे अंडी धरा. हजारात एक, तर चारशेत अर्धंसुद्धा कासव होत नाही. तुम्ही एकही कासव मारलेलं नाही."

अब्बाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि ते एक त्या चारशेतच असतं तर?"

थोरलीने वही मिटली.

"लहानपणी मकतबमध्ये ऐकलं होतं," ते सावकाश बोलत होते. "कोणीतरी पक्षिणीची पिल्लं घरट्यातून उचलली. ती वर घिरट्या घालायला लागली. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लमनी विचारलं, हिला कोणी दुखवलं, आणि पिल्लं परत ठेवायला सांगितली. मौलवीसाहेबांनी हे सांगितलं त्याच वर्षी मी अंडी विकत होतो. पिल्लं निदान परत ठेवता येतात, बेटा. विकलेली अंडी कुठे परत ठेवू? त्या पैशात मी अम्मासाठी काचेच्या बांगड्या आणल्या होत्या. तिने ईदला घातल्या. कुठून आणल्या, हे तिला कधी सांगितलं नाही."

एवढी वर्षं या माणसाबरोबर एका घरात राहते आहे. जहाजांवरच्या गोष्टी शंभर वेळा ऐकल्या. ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. माझ्या नवऱ्यानेही नाही. अंडी काढणं तेव्हा गुन्हा नव्हता. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ मध्ये, आणि या कासवांना आज त्यात वाघाइतकंच संरक्षण आहे. अब्बाजी पोर होते, घरात गरिबी होती, आजूबाजूचे सगळेच काढत होते. त्यांची बाजू घेणारं हे सगळं आम्ही त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं खरं आहे. पण अंडी मीच काढली होती."

धाकटा इतका वेळ त्यांच्या मांडीला टेकून बसला होता. तो एकदम म्हणाला, "दादाअब्बा, मी एक सांगू? शाळेत बाटली मी फोडली होती. मी त्या दुसऱ्या मुलाचं नाव सांगितलं." आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. दोन महिन्यांपूर्वी त्या बाटलीवरून शाळेतून चिठ्ठी आली होती, आणि "माझ्या मुलाने काही केलेलं नाही" असं मी ठासून लिहून पाठवलं होतं.

मुलांना खरं बोला म्हणून आपण किती शिकवतो. माझ्या दहा वर्षांच्या शिकवण्याने जे झालं नाही, ते त्या ओटीवर दहा मिनिटांत झालं, कारण घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने आधी स्वतःचं सांगितलं होतं.

रविवारी फजरनंतर लगेच निघालो. अब्बाजी सगळ्यांच्या पुढे. किनाऱ्यावर अजून करडा उजेड होता, वाळू पायाला गार लागत होती. पहिली टोपली उचलली आणि कासवमित्रांनी हात वर केला. खाली वाळू हलत होती. काळपट राखाडी, तळहातावर मावतील एवढी पिल्लं, एकमेकांच्या पाठीवर चढत वर येत होती. त्यांनी ती मोजून एका टोपलीत घेतली. अडतीस.

पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. भिजलेल्या वाळूच्या अलीकडे, पाण्यापासून काही अंतरावर ठेवतात. तेवढं त्यांनी स्वतः चालायचं. या चालण्यातच त्यांना किनाऱ्याची ओळख पटते असं जाणकार मानतात. साधारण बारा-पंधरा वर्षांनी त्यातली एखादी मादी अंडी घालायला पुन्हा याच भागात येते. नर मात्र एकदा पाण्यात गेला की जमिनीवर सहसा परतत नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. समुद्रावरचं आकाश उजळ असतं, म्हणून ती तिकडे वळतात. किनाऱ्यावर दिवे, बॅटरी, मोबाइलचा फ्लॅश असेल तर दिशा चुकून उलटी चालायला लागतात. म्हणून फ्लॅश बंद, दोरीच्या पुढे पाय नाही, हात लावणं तर नाहीच.

एक पिल्लू पालथं पडलं. धाकटा कासावीस झाला, "अम्मी, त्याला सरळ करू ना!" मी त्याचा हात धरून ठेवला. पिल्लाने मान वाळूत रोवली, झटका दिला आणि सुलटं झालं. पहिली लाट आली आणि निम्मी पिल्लं मागे फेकली गेली. पुन्हा चालायला लागली. दुसरी लाट, तिसरी. पाण्यात पोचलं की ते बोटभर डोकं एकदा वर यायचं आणि मग दिसेनासं व्हायचं. पन्नास माणसं उभी होती आणि लाटांखेरीज आवाज नव्हता.

अब्बाजी पुटपुटत होते. मला वाटलं तसबीह करताहेत. जवळ गेल्यावर कळलं, मोजत होते. "छत्तीस... सदतीस..." शेवटचं एक मागे राहिलं होतं, फार हळू चालत होतं. एक घार वर फिरत होती, कासवमित्र हातातलं फडकं हलवत तिच्यावर नजर ठेवून होते. लोक निघायला लागले. अब्बाजी हलले नाहीत. ते शेवटचं पिल्लू लाटेने उचललं तेव्हा ऊन अंगावर आलं होतं. "अडतीस," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

परतताना कासवमित्रांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जानेवारी २०२२ मध्ये इथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरची तशी ती पहिली, म्हणून तिचं नाव ठेवलं प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरच्या किनाऱ्यावरून अशीच बागेश्री नावाची मादी सोडली. ती दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. अब्बाजींनी विचारलं, "कोलंबोच्या खालून?" "हो." "आमची बोटही तिकडूनच जायची," ते म्हणाले. प्रवासात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

आता थोडं कामाचं. जायचं असेल तर पुढच्या हंगामात, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा. रमजान हळूहळू मागे सरकतो आहे, त्यामुळे काही वर्षं रोजे आणि हंगाम एकत्र येतील. दिवस तसे बघून ठरवा. निघण्यापूर्वी गावात फोन करून कुठल्या घरट्याचे दिवस भरत आले आहेत ते विचारा. पिल्लं दिसतीलच अशी खात्री कोणी देत नाही, म्हणून निदान एक रात्र मुक्काम ठेवा, म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही मिळतात. वयस्कर माणसं असतील तर घडीचं स्टूल जरूर घ्या. रोख पैसे जवळ ठेवा, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. प्लास्टिकच्या पिशव्या किनाऱ्यावर नेऊ नका. समुद्रात तरंगणारी पिशवी कासवं खाणं समजून गिळतात.

आणि ज्यांच्या घरी होडी आहे, जाळं आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. बाणकोट, हर्णै, दाभोळपासून खाली रत्नागिरीपर्यंत आपल्या समाजातली कितीतरी घरं मासेमारीवर चालतात. कासव पाण्यात राहत असलं तरी श्वास फुप्फुसांनी घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर ते बुडून मरतं. जाळं कापून सोडावं तर हजारोंचं नुकसान. यासाठी महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या अखेरीस योजना आणली. संरक्षित सागरी प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर फोटो वगैरे पुराव्यासह अर्ज केल्यावर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. अर्ज कसा करायचा ते आपल्या भागातल्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारा.

परतीच्या वाटेवर अब्बाजींनी गाडी त्यांच्या गावाकडे घ्यायला लावली. कबरस्तानात अम्मीजानच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, कबरीजवळ फातिहा पढली. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तिथून चुलत पुतण्याच्या घरी गेलो. त्याची होडी आहे. अब्बाजींनी त्याला भरपाईच्या योजनेची सगळी माहिती दिली. तो ऐकत होता, पण शेवटी म्हणाला, "चाचा, पैसे मिळतील तेव्हा मिळतील. भर समुद्रात जाळं कापायला हात होत नाही." अब्बाजी त्याला काही म्हणाले नाहीत. फक्त त्याचा मोबाइल नंबर लिहून घेतला.

सोमवारी धाकटा शाळेत गेला. बाटलीची चिठ्ठी मी नव्याने लिहून दिली, खालची सही आधी त्याची आणि मग माझी.

तेव्हापासून दर जुम्म्याला नमाजेहून आले की अब्बाजी पुतण्याला फोन लावतात. तब्येत, पाऊसपाणी, मुलं, सगळी विचारपूस होते. मग शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. "या आठवड्यात जाळ्यात काय काय आलं?" पुतण्या सुरमई सांगतो, बांगडे सांगतो, कोळंबी सांगते ते भाव सांगतो. अब्बाजी सगळं ऐकतात आणि फोन ठेवत नाहीत. "आणखी काही?" असं विचारून वाट बघत बसतात.